उत्पादकाची जबाबदारी वजनकाट्यापर्यंत कशी आणावी: ठाणे-नवी मुंबईतील सुका कचरा केंद्रांसाठी मार्गदर्शन

वागळे इस्टेटमधल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये आमचे सुका कचरा वर्गीकरण केंद्र चालते. सकाळी साडेआठच्या सुमारास घोडबंदर रस्त्यावरच्या सोसायट्यांमधून आलेला पहिला टेम्पो रिकामा होतो आणि दुपारपर्यंत त्या एका ढिगाचे बारा-तेरा लहान ढीग होतात. पुठ्ठा, रद्दी, पाण्याच्या-शीतपेयांच्या पेट प्लास्टिकच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या, शाम्पूच्या बाटल्या, झाकणे, थर्माकोल आणि सर्वांत शेवटी, भंगारवाला ज्याकडे वळूनही पाहत नाही असा, वेफर्स-बिस्किटांच्या वेष्टनांचा ढीग. या ढिगातल्या प्रत्येक वेष्टनावर कोणाचे ना कोणाचे नाव ठळक छापलेले असते. ज्याचे नाव वेष्टनावर आहे त्यानेच त्याच्या विल्हेवाटीचा खर्च सोसावा, हे तत्त्व आपल्या कायद्याने मान्य केलेले आहे. तरीही तो ढीग निवडण्याची मजुरी आम्हाला आजही पुठ्ठ्याच्या विक्रीतून काढावी लागते.

या तत्त्वाची, म्हणजे विस्तारित उत्पादक जबाबदारीची, बोलीभाषेत ईपीआरची, खरी अडचण मला येथे दिसते. उत्पादकाचा पैसा रिसायकलरच्या, म्हणजे कचऱ्यावर पुनर्प्रक्रिया करणाऱ्या उद्योगाच्या, दारापर्यंत येतो आणि तेथेच थांबतो. कचरा घराघरांतून गोळा करणारा, निवडणारा, गठ्ठे बांधणारा दुवा या व्यवहारात कागदावर जवळजवळ नसतोच. तो दुवा कागदावर यावा, त्याच्या कामाचे वजन नोंदले जावे आणि त्या वजनाचा मोबदला त्याच्यापर्यंत पोहोचावा, यासाठी काय काय करता येते ते पुढे क्रमाने लिहिले आहे. वर्गीकरण केंद्र चालवणारे बचत गट व संस्था, सोसायट्यांचे महासंघ आणि महानगरपालिकेच्या घनकचरा विभागातील अधिकारी यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लेखन केले आहे.

नियमांतले जेवढे माहीत हवे तेवढे

ही कल्पना १९९० मध्ये स्वीडनच्या थॉमस लिंडक्विस्ट यांनी तेथील पर्यावरण मंत्रालयासाठी केलेल्या अहवालात मांडली आणि १९९१ मध्ये जर्मनीने वेष्टनांसाठी तिचा कायदा केला. भारतात ती २०११ च्या ई-कचरा नियमांतून आली. प्लास्टिकसाठी २०१६ च्या नियमांत तिचा उल्लेख होताच. मात्र आकड्यांची उद्दिष्टे १६ फेब्रुवारी २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी घालून दिली.

या तत्त्वांनुसार प्लास्टिक वेष्टनांचे चार वर्ग आहेत. पहिल्या वर्गात बाटल्या, डबे यांसारखे कडक प्लास्टिक येते. दुसऱ्यात पिशव्या, पाऊच, शीट अशी लवचिक वेष्टने येतात, मग त्यांत एक थर असो वा निरनिराळ्या प्लास्टिकचे अनेक थर असोत. तिसऱ्यात ज्यांत किमान एक थर प्लास्टिकचा आणि किमान एक थर प्लास्टिकेतर असतो अशी बहुस्तरीय वेष्टने येतात आणि चौथ्यात कंपोस्ट होणाऱ्या प्लास्टिकची. २०२५-२६ या वर्षासाठी किमान पुनर्प्रक्रियेचे प्रमाण पहिल्या वर्गाला ६० टक्के, दुसऱ्या व तिसऱ्या वर्गाला ४० टक्के असे ठरवलेले आहे आणि २०२७-२८ पर्यंत ते अनुक्रमे ८० आणि ६० टक्क्यांवर जाते. एका वर्गातले जास्तीचे काम दुसऱ्या वर्गाच्या तुटीत वळते करता येत नाही, ही तरतूद आपल्या दृष्टीने फार मोलाची आहे. बाटल्या कितीही गोळा केल्या तरी वेफर्सच्या वेष्टनांची जबाबदारी त्याने फिटत नाही, म्हणजेच आपल्या शेवटच्या ढिगालाही कायद्याने गिऱ्हाईक दिलेले आहे.

अमुक वजनाच्या प्लास्टिकवर पुनर्प्रक्रिया झाल्याचे प्रमाणपत्र मात्र केवळ नोंदणीकृत प्रक्रिया उद्योगालाच, म्हणजे रिसायकलरलाच, तयार करता येते. तो केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर ते निर्माण करतो, उत्पादक, आयातदार किंवा ब्रँडमालक ते विकत घेतो आणि आपले उद्दिष्ट पूर्ण झाल्याचे दाखवतो. संकलन करणाऱ्याला या साखळीत स्वतःचे खाते नाही. त्यामुळे आपला हक्क आपल्याला कराराने मिळवावा लागतो आणि करारासाठी आधी आपल्या हातात पक्का हिशोब असावा लागतो.

पहिली पायरी: सात दिवसांची मोजणी

कोणतेही केंद्र सुरुवातीला उत्साहाने यंत्रे घेण्याच्या मागे लागते. माझा आग्रह असा की आधी एक चांगला इलेक्ट्रॉनिक वजनकाटा घ्यावा, तो वैधमापन विभागाकडून प्रमाणित करून घ्यावा आणि सलग सात दिवस येणारा प्रत्येक किलो मोजावा. सात दिवस अशासाठी की रविवार-सोमवारचा कचरा आणि गुरुवारचा कचरा सारखा नसतो. ज्या भागातून कचरा येतो त्याचेही वेगळे पान ठेवावे, कारण कोपरी किंवा कळव्याच्या जुन्या वस्तीतून येणारा सुका कचरा आणि पाम बीच रस्त्यावरच्या टॉवरमधून येणारा सुका कचरा यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. पहिल्यात छोटे पाऊच आणि पातळ पिशव्या भरपूर, दुसऱ्यात ऑनलाइन खरेदीचे पुठ्ठे, बबल शीट आणि बाटल्या.

मोजणीच्या नोंदवहीत फार रकाने नसावेत. तारीख, टेम्पोचा क्रमांक, कोणत्या भागातून आला, एकूण वजन, वर्गीकरणानंतर चारही वर्गांचे वजन, प्लास्टिकव्यतिरिक्त मालाचे वजन आणि निव्वळ टाकाऊ निघालेल्या मालाचे वजन, एवढे पुरेसे आहे. दिवसअखेर सर्व ढिगांची बेरीज सकाळच्या वजनाशी जुळलीच पाहिजे. ती जुळत नसेल तर फरक लपवू नये, वेगळ्या रकान्यात लिहावा. पहिल्या आठवड्यात आमचा हिशोब एकदाही जुळला नव्हता, आणि त्याचे कारण चोरी वा आळस नव्हते, तर ओल्या पिशव्या दुपारच्या उन्हात वाळून हलक्या होत होत्या. ही गोष्ट तेव्हा क्षुल्लक वाटली, पण पुढे रिसायकलरशी वाद झाला तेव्हा तीच कामी आली.

सातपैकी किमान दोन दिवस ब्रँडनुसारही मोजणी करावी. सगळा ढीग मोजण्याची गरज नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गाचा ढीग फावड्याने नीट कालवून त्याचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन भाग बाजूला काढावेत, उरलेला माल पुन्हा कालवून पुन्हा तेच करावे आणि अखेरीस जे वीस-पंचवीस किलो उरतील तेवढ्यांचे ब्रँडवार नग मोजावेत. वेष्टनावर उत्पादकाचे नाव व नोंदणी क्रमांक, छापील किंवा क्यूआर कोडसारख्या रूपात, देणे नियमाने बंधनकारक आहे, त्यामुळे ज्यांवर ते नाही अशांचा वेगळा ढीग करून त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. ही छायाचित्रे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला पाठवलेल्या पत्रासोबत जोडली की पत्राला वजन येते.

शक्य असेल तर मोजणी वर्षातून दोनदा व्हावी, एकदा एप्रिल-मेमध्ये आणि एकदा भर पावसाळ्यात.

दुसरी पायरी: हाताची ओळख कागदावर आणणे

आमच्याकडे गेली अनेक वर्षे निवडीचे काम करणाऱ्या एक मावशी आहेत. पिशवी हातात आली की त्या ती कानाजवळ नेऊन चुरगाळतात. मी पहिल्यांदा विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘ताई, ही चुरचुरते आणि सोडली की परत उघडते, ती पीपी. ही गप्प बसते, ओढली की रबरासारखी लांब होते, ती एलडी. दोन्ही एकात गेल्या की दाणा बिघडतो.’’ पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, एलडी म्हणजे कमी घनतेचे पॉलिथिन आणि दाणा म्हणजे जुने प्लास्टिक वितळवून काढलेला, नव्या वस्तूंसाठीचा कच्चा माल. पुस्तकात जे वितळणबिंदू आणि घनता अशा शब्दांत लिहिलेले असते ते या बाईंच्या बोटांत आहे. ही ओळख नोंदवून घेणे, नव्या कामगारांना शिकवणे आणि नमुन्यांचा एक फळा भिंतीवर लावणे, हे काम यंत्रखरेदीच्या आधी व्हायला हवे.

कडक प्लास्टिकसाठी पाण्याची बादली उत्तम काम करते. पीपी आणि पॉलिथिनचे तुकडे पाण्यावर तरंगतात, पेट आणि पीव्हीसी बुडतात. नेमकी येथेच एक मोठी अडचण येते. पेटच्या बाटलीभोवती पीव्हीसीचे घट्ट आवरण असेल तर तुकडे केल्यावर दोन्ही एकत्रच बुडतात आणि वितळवताना थोडेसे पीव्हीसीसुद्धा पेटचा रंग व ताकद बिघडवते. म्हणून अशा बाटल्यांची आवरणे निवडीच्या टेबलावरच कातरून काढावी लागतात. आवरण कातरायला एका बाटलीमागे किती सेकंद लागतात ते एक दिवस घड्याळ लावून मोजावे, तासाच्या मजुरीवरून त्याचा खर्च काढावा आणि तो आकडा जपून ठेवावा. उत्पादकाला लिहायच्या पत्रात सर्वांत बोलका आकडा हाच ठरतो.

स्वच्छ माल वेगळा ठेवण्याला आता जास्तच अर्थ आला आहे. २०२५-२६ पासून पहिल्या वर्गाच्या वेष्टनांत ३० टक्के पुनर्प्रक्रिया केलेले प्लास्टिक वापरण्याचे उद्दिष्ट लागू होते आणि ते पुढे दरवर्षी वाढते. ते वापरायचे तर उत्पादकाला चांगल्या प्रतीचा दाणा लागणार आणि चांगला दाणा चांगल्या निवडीतूनच येतो.

तिसरी पायरी: रिसायकलरची निवड आणि करार

माझ्या अनुभवात बहुतेक केंद्रे येथेच नडतात, म्हणून हा भाग मी लांबवून लिहिते आहे.

ज्याला माल द्यायचा त्याची नोंदणी पोर्टलवर आहे का, कोणत्या वर्गासाठी आहे आणि त्याची मंजूर क्षमता किती आहे हे प्रथम पाहावे. त्यानंतर प्रत्यक्ष जाऊन कारखाना पाहावा. तळोजा असो, भिवंडी असो की रबाळे-महापेचा पट्टा असो, ठाण्याहून जाऊन येण्यास अर्ध्या दिवसाहून जास्त वेळ लागत नाही. धुण्याची टाकी ओली आहे का, सांडपाण्याची व्यवस्था काय आहे, दाणा काढणारे यंत्र चालू आहे का, विजेचे बिल क्षमतेला साजेसे आहे का, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. ही काळजी अनाठायी नाही. २०२३ मध्ये केंद्रीय मंडळाच्या तपासणीत सुमारे ६ लाख बनावट प्रमाणपत्रे आढळली होती आणि त्यांत महाराष्ट्रातलेही उद्योग होते. जो माल कधी यंत्रात गेलाच नाही त्याची प्रमाणपत्रे स्वस्त विकली जातात तेव्हा खरा माल उचलणाऱ्या प्रत्येकाचा भाव पडतो. आपला खरा माल एखाद्याच्या खोट्या आकड्यांना आडोसा ठरू नये, याची जबाबदारी काही प्रमाणात आपल्यावरही येते.

करार लेखी असावा आणि त्यात चार बाबी स्पष्ट असाव्यात. पहिली बाब वजनाची. माल निघताना आपल्या काट्यावर आणि पोहोचल्यावर त्यांच्या काट्यावर, अशी दोन्ही वजने एकाच चलनावर यावीत आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त फरक पडल्यास तिसऱ्या प्रमाणित काट्यावर वजन व्हावे. दुसरी बाब ओलाव्याची. एका जुलै महिन्यात आमच्या गाडीमागे एका खरेदीदाराने न मोजताच वीस टक्के कपात केली. त्यानंतर आम्ही प्रत्येक गाडीतून पाच किलोचा नमुना काढून, शेडमध्ये दोन दिवस पसरून, पुन्हा वजन करू लागलो. पाच किलोचे ४ किलो २०० ग्रॅम भरले तर ओलावा सोळा टक्के, त्याहून जास्त कपात मान्य नाही, असे कलम करारात घातल्यावर वाद मिटला.

तिसरी बाब प्रमाणपत्राच्या पैशातील वाट्याची. मालाचा भाव आणि प्रमाणपत्राचा मोबदला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आधी स्वतः पक्के समजून घ्यावे. समजा, एका महिन्यात दुसऱ्या वर्गाचा १०,००० किलो माल गेला, ओलावा व माती जाऊन त्यातल्या ८,५०० किलोंवर प्रक्रिया झाली आणि प्रमाणपत्र किलोमागे ३ रुपयांनी विकले गेले, तर रिसायकलरला मालाच्या दाण्याव्यतिरिक्त २५,५०० रुपये मिळतात. यातला निम्मा वाटा संकलनासाठी मागितला तर तो १२,७५० रुपये होतो. ही रक्कम फार मोठी नसली तरी आज ज्या ढिगाचे शून्य रुपये येतात त्या ढिगाची निवड करणाऱ्या एका व्यक्तीच्या महिन्याच्या मजुरीला तिचा चांगला हातभार लागतो. हे आकडे केवळ हिशोबाची रीत दाखवण्यासाठी घेतले आहेत. प्रत्यक्ष दर त्या त्या वेळी पाहावा. चौथी बाब पैसे देण्याच्या मुदतीची, तीस दिवसांपेक्षा जास्त नसावी.

काही ब्रँडमालक थेट संकलन केंद्राशीही करार करतात. मार्गदर्शक तत्त्वांत त्यांना संकलन केंद्रे व वर्गीकरण केंद्रे उभारण्याची, परतावा योजना चालवण्याची मुभा दिलेली आहेच. असा करार मिळत असेल तर तो रिसायकलरला सामील करून त्रिपक्षीय करावा, म्हणजे एकाच वजनावर दोघांकडून दावा होत नाही.

चौथी पायरी: गठ्ठ्याचा माग

प्रत्येक गठ्ठ्याला क्रमांक द्यावा. आम्ही सुतळीला प्लास्टिकची पट्टी अडकवून त्यावर कायमस्वरूपी शाईने वर्ग, तारीख आणि वजन लिहितो. क्यूआर कोडची सोय असेल तर उत्तम, नसेल तर या पट्टीवरही भागते. गाडी निघताना गठ्ठ्यांचे क्रमांक, गाडीचा क्रमांक, जीएसटी बिलाचा क्रमांक आणि रिसायकलरकडील पोचपावती या चार गोष्टी एका पानावर येतात. सहा महिन्यांनी कोणी विचारले की अमुक प्रमाणपत्रामागे कोणता माल आहे, तर उत्तर दोन मिनिटांत देता आले पाहिजे.

पाचवी पायरी: माणसांची जागा

नव्या व्यवस्थेत भंगारवाल्याला आणि कचरावेचकांना वगळून टाकण्याचा मोह होतो. तो टाळावा. मुंब्रा-शीळ पट्ट्यातील भंगाराची दुकाने आणि तुर्भ्याच्या वस्तीतील कचरावेचक यांनी कायदा येण्याच्या कितीतरी आधीपासून हे काम केलेले आहे. त्यांच्याकडून पहिल्या वर्गाचा माल विकत घेण्यासाठी स्पर्धा करण्यापेक्षा, जो माल ते उचलत नाहीत त्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्गासाठी आपण त्यांना दर द्यावा, म्हणजे ईपीआरचा पैसा खऱ्या अर्थाने नव्या मालाला लागतो. स्त्री मुक्ती संघटनेने परिसर विकास कार्यक्रमातून आणि पुण्यात स्वच्छ सहकारी संस्थेने कचरावेचक महिलांना संघटित करून हे काम सन्मानाने होऊ शकते हे दाखवलेले आहे. नव्या केंद्राने त्यांची पद्धत जाऊन पाहावी.

केंद्रात काम करणाऱ्यांना ओळखपत्र, हातमोजे, बूट, धनुर्वाताची लस आणि बँकेतून मिळणारा पगार या गोष्टी कराराच्या खर्चातच धराव्यात, वेगळी देणगी मागून नव्हे. उत्पादकाने द्यायच्या खर्चात माणसाची सुरक्षितता आलीच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

सहावी पायरी: उत्पादकाला पत्र

वर्षातून किमान एकदा, मोजणीत सर्वांत जास्त आढळलेल्या दहा ब्रँडना लेखी कळवावे. पत्रात तक्रारीचा सूर नसावा, आकडे असावेत. आपल्या नमुन्यात त्यांची किती वेष्टने आली, ती कोणत्या वर्गातली आहेत, आवरण काढण्यास किती वेळ लागतो, कोणत्या बदलाने ती सहज विकली जातील, एवढेच लिहावे. पीव्हीसीऐवजी पीपी किंवा पॉलिथिनचे आवरण, काळ्या रंगाऐवजी पारदर्शक बाटली, आणि शक्य असेल तेथे अनेक थरांऐवजी एकाच प्लास्टिकचे वेष्टन, हे तीन बदल निवडीच्या टेबलावर लगेच जाणवतात. पत्राची प्रत महापालिकेच्या घनकचरा विभागाला द्यावी.

स्थानिक उत्पादकांची गाठ घेणे अधिक सोपे असते. नवी मुंबईतील टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्यात आणि वागळे इस्टेटमध्ये मसाले, फरसाण, औषधी द्रव्ये भरणारे अनेक उद्योग आहेत. एक किंवा दोन राज्यांत माल विकणाऱ्या ब्रँडमालकाची नोंदणी राज्य मंडळाकडे आणि त्याहून जास्त राज्यांत विकणाऱ्याची केंद्रीय मंडळाकडे होते. सूक्ष्म व लघु उद्योगांना वेगळे नियम लागू असल्याने त्यांनी आधी आपला वर्ग तपासावा. अशा उद्योजकाला आपल्या शेडमध्ये बोलावून त्याच्याच पाकिटांचा ढीग दाखवणे हे दहा पत्रांपेक्षा परिणामकारक ठरते.

ई-कचऱ्याबद्दल थोडे

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत १०६ प्रकारच्या वस्तू येतात. त्यांतही संकलन केंद्राला स्वतंत्र स्थान नाही; उत्पादक, निर्माता, दुरुस्ती करून पुनर्वापर करणारा आणि रिसायकलर हेच नोंदणीचे घटक आहेत. म्हणून वर सांगितलेला कराराचा मार्ग येथेही लागू पडतो. मात्र आपल्या शेडमध्ये वायर जाळणे, पिक्चर ट्यूब फोडणे किंवा बॅटरी उघडणे कोणत्याही परिस्थितीत होऊ देऊ नये. वस्तू जशी आली तशी, वजन करून, कोरड्या जागी ठेवावी.

महापालिकेकडून काय मागावे

जागा, छप्पर आणि वीज या तीन गोष्टी महापालिकेने दिल्या तर बाकीचे उभे करता येते. त्यांतही छप्पर सर्वांत महत्त्वाचे. उघड्यावर पडलेला सुका कचरा पहिल्याच पावसात ओला कचरा होतो आणि त्यातला हलका माल नाल्यातून थेट ठाणे खाडीत जातो. २०२२ मध्ये रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालेल्या या खाडीच्या कांदळवनात ऐरोलीजवळ भरतीनंतर जे अडकलेले दिसते त्यातले बरेचसे दुसऱ्या वर्गातलेच असते. दुसरी मागणी निविदेच्या शब्दांची आहे. संकलनाच्या कंत्राटात गाडीभर वजनावर पैसे दिले जात असतील तर मिसळलेला, ओला, जड कचरा आणणाऱ्याचाच फायदा होतो. त्याऐवजी वर्गीकृत मालाच्या वजनावर वाढीव दर द्यावा आणि ईपीआरमधून येणारी रक्कम केंद्राच्या खात्यावर स्वतंत्र दाखवावी, अशी अट घालण्याचा आग्रह धरावा.

वर्षाचे वेळापत्रक

प्लास्टिकच्या नियमांनुसार प्रक्रिया उद्योगांनी आपले वार्षिक विवरण ३० एप्रिलपर्यंत आणि उत्पादक-ब्रँडमालकांनी ३० जूनपर्यंत द्यायचे असते. त्यामुळे आपला वर्षाचा हिशोब मार्चअखेर बंद करून, वर्गनिहाय पाठवलेले वजन, मिळालेल्या पोचपावत्या आणि बाकी रक्कम यांचे एक पान १० एप्रिलच्या आत रिसायकलरला ईमेलने पाठवावे आणि त्यावर लेखी सहमती घ्यावी. त्याने पोर्टलवर दाखवलेला आकडा आपल्या पानाशी जुळत नसेल तर दुरुस्तीला वीस दिवस हातात राहतात. मे महिन्यात पावसाळ्यापूर्वीची मोजणी, जूनच्या पहिल्या आठवड्यात ब्रँडना पत्रे, जुलै-ऑगस्टमध्ये ओलाव्याच्या नोंदी आणि ऑक्टोबरमध्ये कराराच्या दरांचा फेरविचार, असा क्रम आम्ही ठेवला आहे. पत्रे जूनच्या आधी पाठवल्याशिवाय उपयोग होत नाही असे सुरुवातीला आम्हाला वाटे. आता आम्ही ती विवरणाच्या मुदतीला तीन आठवडे असतानाच पाठवतो, कारण त्या दिवसांत उत्पादकाच्या कार्यालयातही कोणीतरी हेच आकडे जुळवत बसलेले असते.